आईच्या बुटांवरच्या कुर्ल्या

गणपती जवळ आले की लालबागच्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरत नाही. झुंबरं, सोनेरी झालरी, कापडी फुलांच्या माळा, फोमचे मोर. माणसं हरखून जातात, घासाघीस करतात, फोटो काढतात. मी मान खाली घालून तरातरा चालते आणि कुणाचा धक्का लागला की खेकसते. यंदा सणाआधी एक दुकानदार म्हणाला, “ताई, मखराच्या मागे लावायला पडदा बघा ना, टाचण्या फ्री.” बिचारा धंदाच करत होता. पण मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने पडद्याची घडी घालून तो आत ठेवला.

राग येतो मला. सांगायला लाज कसली? सगळे म्हणतात, “झालं ना आता वर्ष, सोडून दे.” राग म्हणजे काय जुनी साडी आहे, बोहारणीला देऊन वर पातेलं घ्यायला? नवरा म्हणतो, “तुझं बीपी वाढेल.” वाढू दे. गेल्या वर्षी आषाढापासून गणपतीपर्यंत मी आणि आई मिळून तिच्या बुटांवर लावायला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि बांगडे, कोळंब्या बनवत होतो. इतकं हसलो होतो आम्ही त्या दिवसांत. आणि त्याच दिवसांचं पुढे जे झालं, ते आठवून मी शांत राहावं म्हणे!

आई तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या खोलीत राहायची, दादा आणि वहिनीबरोबर. बाबा आता नाहीत; ते गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आईच्या शिलाई मशीनने घर चालवलं. अख्ख्या चाळीचे ब्लाउज तिने शिवले. मशीनचा पायटा मारून मारून तिच्या पावलांना घट्टे पडलेले. त्याच पावलांची साखरेने वाट लावली. बधिर झाली. चहा सांडला पायावर, तर ती “गो बाय, चाय सांडली” म्हणाली. भाजलं हे तिला कातडी सोलली तेव्हा कळलं. मी लग्नानंतर प्रभादेवीला, म्हणजे फार लांब नाही. ऑफिस सुटलं की तिच्याकडे एक चक्कर असायचीच.

डॉक्टरांनी बोट वर करून सांगितलं होतं. दादासमोर सांगितलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. “आजींनी अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही, बाथरूममध्ये नाही, देवापुढे नाही. काही टोचलं तर त्यांना कळणार नाही, आणि कळलं नाही तर पाय जाईल.” दादाने नंदीबैलासारखी मान हलवली. मग डॉक्टरांनी ते भोकाभोकांचे रबरी बूट घ्यायला सांगितले, क्लॉग म्हणतात ते. हल्ली कॉलेजातल्या पोरी पावसात सर्रास घालतात. पुढून रुंद, आतून मऊ, बोटं कुठे घासत नाहीत.

आईने ते हातात घेऊन उलटसुलट बघितले. “ह्या काय गो? पायात चाळण घालू?”

“घाल. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“आणि ह्या घालून रांधपाच्या खोलयेत जाव? माझी सासू भूत होवन येतली.”

आता हे तिचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या घरात चपला उंबऱ्याच्या आत आलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. गॅलरीत काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारीच देवाचं फडताळ. एका खोलीच्या घरात कुठे स्वयंपाकघर संपतं आणि कुठे देवघर सुरू होतं ते फक्त आईलाच माहीत. म्हणून मी दोन जोड्या आणल्या. एक बाहेरची, एक घरातली, उंबरा कधीही न ओलांडणारी. तिच्या मापात एकच रंग मिळाला, चॉकलेटी. दोन्ही जोड्या अगदी सारख्या, आणि तिथेच घोडं अडलं. “ह्यो भायरचो की घरातलो?” म्हणत ती बूट नाकाशी नेऊन बघायची, संशय फिटायचा नाही, आणि मग चारही गॅलरीत ठेवून बया घरभर अनवाणी! मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

उपाय सापडला तो माझ्या ऑफिसात. नवीन लागलेल्या एका मुलीच्या क्लॉगवर मांजर, ढग आणि चक्क एक हाफ फ्राय बसलेलं दिसलं. “चार्म आहेत मॅडम,” ती म्हणाली. खाली बटणासारखा दांडा असतो, तो भोकात दाबला की बसला. मी फोटो काढून आईला दाखवला. आई पोट धरून हसली. “पायात आमलेट? लोकांक खावक मिळणा नाय!” पण मग चष्मा पुसून तिने फोटो पुन्हा बघितला. घरातल्या जोडीला खूण हवीच होती. म्हणाली, “विकतचा कित्या? बटणांचो डबो काढ.”

तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला की खोलीभर लोखंडाचा आणि जुन्या कापडाचा वास. कोटाची बटणं, टिचबटणं, हुक, ब्लाउजच्या लटकनातून उरलेले मणी, अस्तराच्या चिंध्या. आम्ही दोघी खाटेवर बसलो आणि पहिलं भांडण झालं ते काय बनवायचं यावर. मी म्हटलं, कमळ करू. “लक्ष्मी बसता त्येच्यावर, नि मी पाय देव?” बरं, जास्वंद? “गणपतीचा फूल!” आंब्याचं पान? “तोरणाक लावतत ता.” मी वैतागून म्हटलं, मग मोदक तरी करूया, तर तिने मापाच्या टेपने माझ्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. आपल्याकडे जे जे सुंदर दिसतं ते सगळं देवाने आधीच बुक करून ठेवलंय की काय, देव जाणे. “मग लावायचं काय, माझं मुंडकं?” मी ओरडले.

ती बुटाकडे बघत राहिली. मग त्या भोकांत एकेक बोट घालत म्हणाली, “ही बिळा आसत. बिळात काय ऱ्हवता? कुर्ली.”

पहिली कुर्ली कोटाच्या मरून बटणाची झाली. नांग्या आणि पाय माझ्या फाटक्या पर्सच्या रेक्झिनचे. मी तार आणली होती, पाय चांगले उभे राहतात म्हणून, ती तिने खिडकीतून बाहेर भिरकावली. तार कशाला टोचायला? डोळ्यांना लटकनाचे काळे मणी. आणि खरं काम पुढे होतं. इस्त्रीच्या जुन्या घोंगडीची मऊ चकती कापून ती बुटाच्या आतून भोकावर धरायची, सुई वरून खाली, चकतीतून परत वर, असे चार टाके. मग कोटाच्या बटणाला करतात तशी धाग्याला वेढे घेऊन मान करायची, आणि गाठ कुर्लीच्या पोटाखाली, वर. आत अजिबात नाही. मी एकदा आळस करून गाठ आत मारली तर तिने ती सगळी उसवायला लावली. “आत गाठ ठेवशीत तर माका कळाचा नाय, नि पाय कुसतलो.” प्रत्येक टाका झाला की ती बुटात हात घालून बोटांनी आतली बाजू चाचपायची. पायांना जे कळत नव्हतं ते हातांना अजून कळत होतं.

मला त्या संध्याकाळी आठवतात. बाहेर पावसाने गॅलरीचे पत्रे बडवलेले, वहिनीने चहा ठेवलेला, आईच्या ओठात सुई आणि त्याच ओठांनी तिची बडबड. श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली, आणि हिच्या बुटांवर मासळीबाजार भरला. अस्तराच्या चंदेरी तुकड्याचा बांगडा, पाठीवर शिसपेन्सिलीने रेघा. केशरी रिबिनीची वळलेली कोळंबी, तिच्या मिशा काळ्या दोऱ्याच्या. “खावक नाय तर बघूक तरी होयो,” असं म्हणून ती पाय पुढे करून बघत बसायची. शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, “अगो, पापलेट नाय काय?” तर ही म्हणते, “म्हाग झाला!” चाळीतल्या बायका त्या बुटांचं दर्शन घ्यायला यायच्या. ती घरातली जोडी झाली. खूण पटली. आणि ज्या बाईने सत्तर वर्षं पायात काही घालून चुलीपाशी पाऊल टाकलं नाही, ती कुर्ल्या घालून भाकऱ्या थापायला लागली. मी मनात म्हटलं, वाचला. पाय वाचला.

दादालाही ते बूट दिसत होते बरं का. रोज दिसत होते. तेव्हा तो हसायचा, मित्रांना फोनवर फोटो पाठवायचा. हे मी विसरत नाही.

मग गणपती आले. आमच्याकडे पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा. दादाने मागे निळ्या कापडाचा झुळझुळीत पडदा लावला होता, चुण्या घालून, टाचण्या मारून. गावाहून चुलत काका आलेले, दादाचे मंडळातले दोस्त आलेले, खोलीत माणसं मावेनात. आरतीची तयारी झाली, वहिनीने ताट उचललं, आणि आई उठून मखरासमोर उभी राहिली. बूट घालून.

चुलत काका म्हणाले, “वयनी, पायात काय ता?”

बस. एवढंच म्हणाले. त्यांना काय माहीत होतं? म्हातारा माणूस, विचारलं. समजावून सांगायचं काम दादाचं होतं. डॉक्टरसमोर बसला होता तो. पण दोस्त बघत होते ना! त्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, “आई, काढ ते. देवासमोर बूट काय?”

“घरातले आसत रे. खूण बघ,” आई म्हणाली, आणि तिने कौतुकाने पाय जरा पुढे केला. कुणाच्यातरी तोंडून हसू फुटलं.

“आणि वर मासे! गणपतीसमोर मासे घालून उभी राहतेस? शोभतं का?”

“दादा, मासे मी आत्ता काढते,” मी म्हटलं. “कात्री दे. मासे काढते, पण बूट राहू देत.” मी खाली बसलेसुद्धा. दादा म्हणाला, “तू मध्ये पडू नकोस. आरती खोळंबलीय.” मी ओरडले. डॉक्टर काय म्हणाले ते ओरडून सांगितलं. चांगलंच तोंड सोडलं. सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जणू आरतीच्या वेळी तमाशा मांडणारी मीच. आणि आईला तेच सहन झालं नाही. मुलाचा अपमान होतो आहे, पाहुण्यांसमोर भावंडं भांडताहेत. “ऱ्हवांदे गो. दोन मिनटांचो प्रश्न,” असं म्हणून तिने भिंतीला हात टेकला आणि बूट काढले. दादाने ते उचलून गॅलरीत नेऊन ठेवले. मग टाळ्या, झांजा, जयजयकार.

दोन मिनिटं कसली? माणसं पाचही दिवस येत होती. सकाळची आरती, संध्याकाळची आरती, कुणाचं भजन, कुणाचा नैवेद्य. दर वेळी घाला-काढा कोण करणार? बूट गॅलरीतच राहिले आणि आई घरभर अनवाणी. मी रोज संध्याकाळी जाऊन भांडायचे, आई म्हणायची, “सणाचे दिवस आसत, गप ऱ्हव.” पडद्याची एक चुणी सुटली होती. टाचणी पडली असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चाळीस माणसं नाचली त्या खोलीत, आणि टाचणी रुतली ती ज्या पायाला ती कळणार नव्हती त्याच पायात.

विसर्जनानंतर मी तिचे पाय पुसायला बसले तेव्हा करंगळीखाली काळंनिळं झालेलं आणि वास. टाचणी पुरती आत. आई म्हणते, “काय झाला? माका काय होणा नाय.” ती गौरीसाठी वडे तळायला त्या पायावर उभी राहिली होती, माहेरवाशिणींना जेवायला वाढलं होतं तिने, फुगडीसुद्धा घातली होती. परळच्या हॉस्पिटलात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला, हे नशीब म्हणा, असं डॉक्टर म्हणाले. कसं झालं, असं त्यांनी विचारलं तर आईने माझ्या तोंडाकडे न बघता सांगितलं, “माझीच चूक. मीच बूट काढलंय.” दादा शेजारी उभा होता. तो फाईल चाळत राहिला.

आपल्याकडे पायाला फार मान आहे, असं म्हणतात. दसऱ्याला दादा आईच्या पायावर डोकं ठेवतो, नोकरी लागली तेव्हा ठेवलं, घरी पेढे आणले की ठेवतो. चुकून कुणाला पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावतो. पण तोच पाय सुजतो, बधिर होतो, कुजतो, तेव्हा तो कुणाचा? पायावर डोकं ठेवायला सगळे. पायाकडे बघायला कोण? माझं देवाशी काही वाकडं नाही. बाई वर्षभर ज्याच्यासाठी उपास करते तो देव तिच्या बुटांवर रुसेल, हे मला खरंच वाटत नाही. रुसली ती माणसं. माणसांना लाज वाटली, आणि त्या लाजेवर त्यांनी देवाचं नाव चिकटवलं.

हॉस्पिटलातून मी तिला सरळ प्रभादेवीला आणलं. तेव्हा नातेवाइकांना कंठ फुटला. मुलगा असताना लेकीकडे? दादाला काय वाटेल? दादाला काय वाटेल, दादाला काय वाटेल! त्या बाईला काय वाटलं हे कुणी विचारलं का? तिला तर वाटतच नाही काही पायात, तिथेच तर सगळा घोळ आहे. माझ्याकडे ती तेच कुर्ल्यांचे बूट घालून वावरते, उजव्यात पुढे कापूस भरून. नवी कुर्ली मात्र तिने एकही केली नाही. डबा पुढे ठेवला तर म्हणते, “आता डोळ्यांक दिसणा नाय.” खोटं. सुईत दोरा ओवून देते मला अजून, एका फटक्यात.

या वर्षी दादाचा फोन आला. आईला गणपतीला घेऊन ये. माझी इच्छा नव्हती; आईने आदल्या दिवशीच साडी काढून ठेवली होती. भर दुपारची आरती. आम्ही गॅलरीतून आलो, मी तिची बाहेरची जोडी काढून घरातली चढवली. दादा दारात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आई, बूट घालूनच आत ये हां. देव काय रागावत नाही.”

खोलीत एकदम हळहळ आणि कौतुक. शेजारच्या काकी म्हणाल्या, “किती समजूतदार गो झिल.” चुलत काकांनी डोळे टिपले. कुणीतरी म्हणालं, असा मुलगा सगळ्यांना मिळो. माझ्या कानात नुसती वाफ. बोटं कापून झाली आणि आता परवानगी! आणि त्या परवानगीचंही कौतुक! मी म्हटलं, “देव रागावत नाही ना? मग गेल्या वर्षी कोण रागावलं होतं?”

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. दादा हळूच म्हणाला, “आज तरी नको गं.” आईने माझा दंड घट्ट धरला आणि पाटाकडे बघत स्वतःच आरती सुरू केली, तेव्हा बाकीच्यांना टाळ्या वाजवाव्याच लागल्या. ती शेवटपर्यंत उभी होती, माझ्यावर रेलून. नंतर दादा तिच्या पाया पडला. डोकं बुटांवर ठेवलं त्याने, आणि बराच वेळ उचललं नाही. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, लहानपणी तेल लावताना फिरवायची तसा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्याला रडायला येत होतं हे मला दिसत होतं. तरी मला त्याची दया आली नाही, आणि अजूनही येत नाही.

टॅक्सीत बसलो तेव्हा मी सगळा राग तिच्यावरच काढला. “तुझी बोटं गेली, आई! तू डॉक्टरशी खोटं बोललीस त्याच्यासाठी. आणि आज वर डोक्यावरून हात? सगळे त्यालाच शहाणा म्हणतात आणि मी भांडकुदळ. तुला एकदाही, एकदाही राग येत नाही त्याचा?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सिग्नल लागला, सुटला. मला वाटलं, नेहमीसारखं ‘गप ऱ्हव’ म्हणेल. पण तिने माझा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“माका त्येच्यावर रागावूक जमणा नाय गो,” ती म्हणाली. “झिल मा माझो. तू ऱ्हव रागान. सोडू नको, कोणी कायव सांगांदे.” मग माझा हात दाबत म्हणाली, “माझ्या वाट्याचो राग पण तूच कर.”